ओळखीच्या शब्दांचा दगा

मैसूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, पिरियापट्टण तालुक्यात, बेट्टदपुर नावाचे एक गाव आहे. 'बेट्ट' म्हणजे डोंगर, आणि डोंगराचे जे पूर ते बेट्टदपुर, इतका त्या नावाचा अर्थ सरळ आहे. रानातून एकाएकी शंकूसारखा वर निघालेला तो डोंगर, त्याच्या माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुन, म्हणजे विजेचा मल्लिकार्जुन, आणि भोवतालच्या मुलखात तंबाखूची शेते व पाने भाजून सुकवण्याच्या उंच कोठ्या, असा तिथला देखावा. मैसूरला स्थायिक झालेल्या माझ्या साडूंनी मला तिथे नेले ते डोंगराच्या पायऱ्या चढवण्यासाठी. परंतु वाटेत त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या जगलीवर, म्हणजे ओसरीच्या कट्ट्यावर, आम्ही कॉफीपुरते म्हणून टेकलो, आणि "हे आमचे साडूभाऊ, महाराष्ट्रात वकील होते" एवढे वाक्य साडूंच्या तोंडून निघाले मात्र, ते गृहस्थ उठून आत गेले आणि दोरीने बांधलेली, कागदांनी फुगलेली एक प्लास्टिकची पिशवी घेऊन परत आले. वकिलाच्या नशिबी निवृत्तीनंतरही हेच असते.

कानडी मला येत नाही. तरीसुद्धा ते बोलू लागले तेव्हा आपल्याला बरेचसे कळते आहे असा एक सुखद भ्रम मला होऊ लागला, कारण दर चार शब्दांमागे एक शब्द माझ्या आयुष्यभराच्या परिचयाचा निघत होता: खाते, पहणी, खराबु, हुकुम, जमाबंदी, तहसीलदार, आणि या सर्वांवर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी घणासारखा पडणारा एक शब्द, दरखास्तु. तो कानी पडताच माझी मुद्रा गंभीर झाली. आमच्याकडे दिवाणी न्यायालयात दरखास्त म्हणतात ती हुकूमनाम्याची बजावणी करून मागण्याच्या कामाला. दावा जिंकलेला पक्षकार दरखास्त दाखल करतो, मग बेलिफ येतो, जप्ती येते, आणि हरलेल्याच्या दाराशी पंच उभे राहतात. मी साडूंना हलक्या आवाजात विचारले, "यांच्यावर हुकूमनामा कितीचा झाला आहे? आणि मिळकतीवर जप्ती आली आहे का?" साडूंनी प्रश्न कानडीत नेला. तो गृहस्थ आधी गोंधळला, मग घाबरला, आणि शेवटी सारा उलगडा झाल्यावर पोट धरून हसला. "स्वामी," तो म्हणाला, "माझ्यावर कुणाचे काही नाही. मीच सरकारकडे मागतो आहे."

कर्नाटकात दरखास्तु म्हणजे सरकारी जमीन आपल्या नावे करून मिळावी म्हणून केलेली मागणी. त्याचे वडील ज्या एक एकर बारा गुंठ्यांवर नाचणी आणि पुढे तंबाखू काढीत आले ती जमीन दप्तरात सरकारी आहे, म्हणजे त्याची वहिवाट तिकडच्या भाषेत 'बगर हुकुम', हुकमावाचूनची. ती नियमित करून मिळावी म्हणून कर्नाटकाच्या भूमहसूल कायद्याखाली जे नमुने वेळोवेळी निघाले, 50 क्रमांकाचा, 53 चा आणि अगदी अलीकडचा 57 चा, त्यांपैकी शेवटचा भरून त्याने दिला होता आणि त्याची पोच त्या पिशवीत होती. फार्शीत दरखास्त म्हणजे नुसती विनंती. तीच विनंती साताऱ्याच्या न्यायालयात ऋणकोच्या घरावर चालून जाते आणि बेट्टदपुरात भूमिहीनाच्या हाती आशेचा कागद होऊन बसते. तीस वर्षे वकिली केलेला मी त्या शब्दाने फसलो. आणि फसलो तो शब्द अपरिचित होता म्हणून नाही, फार परिचित होता म्हणून.

कायद्याच्या परिभाषेविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुधा 'शब्द फार अवघड आहेत' या एकाच तक्रारीभोवती फिरते. माझा अनुभव उलट आहे. अवघड शब्दाने माणसाचे नुकसान क्वचितच होते, कारण 'सदोष मनुष्यवध' किंवा 'अधिकथन' असले काही समोर आले की सामान्य मनुष्य आपले अज्ञान ओळखतो आणि कुणाला तरी विचारायला जातो. घात होतो तो घरच्या शब्दांनी. जामीन, कैफियत, ताबा, सुटका, साठेखत, हे शब्द आपल्या ओसरीवर लहानपणापासून वावरलेले असतात. न्यायालयाच्या उंबऱ्याच्या आत शिरताच ते वेगळा पोशाख चढवतात, आणि आपण मात्र त्यांना जुन्याच नावाने, जुन्याच विश्वासाने हाक मारतो.

कैफियतीचेच पाहा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ स्थिती, हकिगत. आपण दुःखाची कैफियत मांडतो, गाऱ्हाण्याची कैफियत ऐकवतो. त्यात ओलावा आहे, आणि समोर कुणीतरी ऐकणारा आहे हे त्यात गृहीत आहे. 1799 मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर कर्नल मॅकेन्झीने मैसूर मुलखाची मोजणी आरंभली, त्याच्या हाताखालच्या माणसांनी दक्षिणेतल्या गावोगावचे वृत्तांत जमवले, आणि त्या वृत्तांतांनाही कैफियत हेच नाव पडले. म्हणजे या भागात एके काळी कैफियत सांगत होती ती गावे. महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयात मात्र कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर. वादीचे प्रत्येक विधान कबूल की नाकबूल हे त्यात कलमवार सांगावे लागते, जे नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते, आणि हे उत्तर समन्स पोहोचल्यापासून 30 दिवसांत, न्यायालयाने कारणे नोंदवून सवलत दिलीच तर 90 दिवसांपर्यंत दाखल करायचे असते. माझ्याकडे एकदा एक विधवा बाई आल्या. दिराने वाटणीचा दावा लावला होता. समन्सवर 'कैफियत देण्यासाठी हजर राहावे' असे वाचून त्यांनी महिनाभर आपली हकिगत मनाशी घोकली, तारखेला नेसत्या लुगड्यानिशी जाऊन न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसल्या, आणि 'मला बोलवतील तेव्हा सांगेन' म्हणून वाट पाहत राहिल्या. अशा तीन तारखा झाल्या. त्यांना कुणी बोलावले नाही. चौथ्या तारखेला दावा कैफियतीवाचून पुढे चालवण्याचा हुकूम झाला. तो हुकूम रद्द करून घ्यायला आम्हाला अर्ज, खर्च आणि आठ महिने लागले. त्या बाई निरक्षर नव्हत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, मराठी उत्तम वाचीत, आणि तेच त्यांना नडले.

जामिनाची गोष्ट याहून जुनी. मुळात जामीन हा मनुष्य. दुसऱ्यासाठी जो स्वतःला गुंतवतो तो. 'मी त्याला जामीन राहिलो' या वाक्यात हा अर्थ अजून जिवंत आहे. पुढे त्या मनुष्याच्या जिवावर जी मोकळीक मिळते तिलाच आपण जामीन म्हणू लागलो, मूळ माणसाला जामीनदार हे नवे नाव दिले, आणि या उलथापालथीत शब्दातले ओझे नाहीसे होऊन नुसता दिलासा उरला. शेजारच्या मुलाला जामीन मिळावा म्हणून सात-बारा घेऊन गेलेला भला मनुष्य आपण केवळ ओळख पटवण्याची सही केली असे समजतो; मुलगा फरारी झाला की बंधपत्राची रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते हे त्याला नोटीस आल्यावर उमगते. जातमुचलका हा शब्द तर मी अनेकांना कुजबुजत उच्चारताना ऐकला आहे. 'यात जातीचा काय संबंध, साहेब?' असे एका तरुणाने मला सरळ विचारले होते, आणि त्याच्या आवाजातला कडवटपणा मी विसरलो नाही. त्यातला 'जात' हा अरबी, त्याचा अर्थ 'स्वतः'. जातीने हजर राहणे म्हणजे स्वतः हजर राहणे. दुसरा जामीनदार न देता स्वतःच्याच हमीवर सुटणे, एवढाच जातमुचलक्याचा भाव. परंतु ज्या समाजात जात विचारल्याशिवाय भाड्याने घर मिळत नाही त्या समाजातल्या तरुणाने तो शब्द त्याच अर्थाने ऐकला, तर दोष त्याच्या कानाला कसा द्यावा? (कानडीत याच मुचलक्याचे मुच्चळिके झाले, आणि त्या भाषेत मुच्चळ म्हणजे झाकण, त्यामुळे साडूंच्या बालपणी त्यांची अशी पक्की समजूत होती की गुन्हा झाकण्यासाठी लिहून देतात ते मुच्चळिके!)

जमिनीच्या शब्दांनी तर पिढ्यान्‌पिढ्या बुडवल्या आहेत. साठेखत म्हणजे खरेदी असे समजून आयुष्याची पुंजी ओतणारे लोक मी शहरात पाहिले, खेड्यात पाहिले, सुशिक्षितांत अधिक पाहिले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे 54 वे कलम निःसंदिग्ध आहे: विक्रीचा करार हा स्वतःहून त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण करीत नाही, 100 रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदलेले खरेदीखतच हवे. परंतु 'खत' हा शब्द इतका भरदार, त्याखाली मुद्रांकाचा कागद इतका देखणा, की घेणाऱ्याला सगळे झाल्यासारखे वाटते. सात-बाऱ्याचेही तसेच. त्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, एवढेच महाराष्ट्राचा 1966 चा जमीन महसूल अधिनियम म्हणतो, कर्नाटकाचा 1964 चा कायदाही तेच म्हणतो, आणि उताऱ्यावरचे नाव म्हणजे मालकी नव्हे हे न्यायालयांनी इतक्या वेळा सांगितले आहे की ते सांगणे हाच आता एक रिवाज होऊन बसला आहे. बेट्टदपुरच्या त्या गृहस्थाच्या पिशवीतली 'पहणी' ही आपलीच पाहणी. शेतात उभे राहून जे डोळ्यांना दिसले ते लिहिले, असा तिचा प्रांजळ अर्थ नावातच आहे. सात आणि बारा या आकड्यांत तो प्रांजळपणा नाही. मला तर वाटते की आपल्या उताऱ्याला कुणी सुरुवातीपासून पाहणीपत्रक म्हटले असते तर निम्मे गैरसमज उद्भवलेच नसते.

वृत्तपत्रे या कामी निष्पाप नाहीत, आणि हे मी वृत्तपत्रातच लिहीत असल्याने जरा जपून लिहितो. दोघांनी दुकान लुटले तरी मथळा 'दरोडा'. कायद्याला दरोड्यासाठी पाच किंवा अधिक माणसे लागतात, त्याखालची ती जबरी चोरी. याच्या उलट, पंचनाम्यातले पंच पाच असावे लागत नाहीत, दोन पुरतात. 'जामिनावर सुटका' या मथळ्यातल्या 'सुटका' शब्दाने गावाला तो निर्दोष ठरल्यासारखे वाटते, आणि पुढे शिक्षा झाली की 'न्यायालयाने आधी सोडले, मग पैसे खाऊन धरले' अशी आवई उठते. 1 जुलै 2024 पासून 511 कलमांची दंड संहिता गेली आणि 358 कलमांची न्याय संहिता आली. फसवणूक 318 व्या कलमात जाऊन बसली, आणि बिचारा 'चारशेवीस' आपल्या कलमावाचून भाषेत अनाथ फिरू लागला. त्याचे मात्र काही बिघडणार नाही. लोक त्याला सांभाळतील.

आता यावर उपाय म्हणून आपण नेहमी जे करीत आलो ते शब्द बदलण्याचे. ही परंपरा थोर आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फार्शी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1931 साली शासनशब्दकल्पतरू प्रसिद्ध करवला, त्यात एकेका संज्ञेला आठ भाषांतले पर्याय आहेत, आणि एका संस्थानाने असा ग्रंथ काढावा याचे आजही नवल वाटते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय स्थापन झाले, पदनाम कोश निघाला, आचार्य अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हणून झोडपले, तरी त्यातली कितीतरी पदे आज आपण निःशंकपणे वापरतो. पुढे न्यायव्यवहार कोशही आला. 1998 च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. या सर्व परिश्रमांविषयी मला आदर आहे. परंतु शब्द फार्शी असावा की संस्कृत, या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली: योग्य शब्द सापडला की अर्थ आपोआप पोहोचेल. तसे होत नाही. कोश शब्दाला शब्द देतो. 'कैफियत' काढून 'लेखी निवेदन' घातले असते तर त्या बाईंनी घरून एक निवेदन लिहून आणले असते, आणि ते हातात धरून त्याच मागच्या बाकावर बसल्या असत्या. त्यांना हवा होता तो प्रतिशब्द नव्हे. कोणता कागद, किती दिवसांत, कुठे द्यायचा, आणि न दिल्यास काय होईल, एवढी माहिती त्यांना हवी होती. शब्द कोणता का असेना.

आणि गंमत अशी की कायद्याला ही युक्ती फार पूर्वी साधली होती. मेकॉलेच्या आयोगाने 1837 साली मसुदा केलेली आणि 1860 साली संमत झालेली दंड संहिता कलमांखाली दृष्टांत देते. चोरी म्हणजे काय हे सांगताना, जंगम वस्तू, अप्रामाणिक हेतू, ताबा, संमती, अशी सगळी परिभाषा आधी येते. आणि मग संहिता गोष्ट सांगू लागते. एकाने दुसऱ्याच्या रानातले झाड चोरण्यासाठी तोडले; झाड उभे असते तोवर जमिनीचा भाग, ते जमिनीपासून सुटले त्या क्षणी चोरी झाली. एकाने खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावले. कुत्रा मागे चालू लागला की चोरी झाली. एकाला भर रस्त्यात कुणाच्याही ताब्यात नसलेली अंगठी सापडली, त्याने ती उचलली. ही चोरी नव्हे, दुसरा अपराध असू शकेल. या तीन गोष्टी मी किती तरी अशिलांना सांगितल्या आहेत, आणि झाड तुटल्यावर ते जंगम होते ही सूक्ष्म कल्पना ज्याला न कळली असा शेतकरी मला अद्याप भेटलेला नाही. दृष्टांत हे तर आपल्या कीर्तनकारांचे हत्यार. नव्या न्याय संहितेने ते दृष्टांत राखले, हे चांगले झाले. परंतु ते ग्रंथात राहिले, आणि लोकांच्या हाती पडतो तो समन्सचा कागद मात्र दृष्टांतावाचून कोरडाच राहिला.

म्हणून माझी मागणी लहान आहे. समन्स, नोटीस, जामिनाचे बंधपत्र, मनाई हुकूम, यांतल्या प्रत्येक कागदाला अर्ध्या पानाचा एक जोड असावा, आणि त्यात साध्या मराठीत, 'तुम्ही' असे संबोधून, लिहिलेले असावे की हा कागद कुणी धाडला, तुम्ही कोणत्या तारखेच्या आत काय करायचे, न केल्यास काय होते, या कागदातल्या अमुक शब्दाचा तुमच्या रोजच्या बोलण्यातल्या त्याच शब्दाशी काय भेद आहे, आणि वकील परवडत नसेल तर कुणाकडे जायचे. या शेवटच्या ओळीला विशेष महत्त्व आहे, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयातच त्यासाठी समिती असते. माझ्या त्या बाई तीन तारखांना ज्या बाकावर बसून राहिल्या होत्या त्या बाकापासून त्या समितीची खोली चाळीस पावलांवर होती. मूळ कागदातली परिभाषा बदलू नये. ती शंभर वर्षांच्या निवाड्यांनी घोटलेली आहे आणि तिच्यातला एक शब्द हलवला तर नवे शंभर दावे उभे राहतील. निशाणी पाचचा अर्ज म्हटल्याबरोबर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असे वकिलाला जे कळते त्यातही एक काटकसर आहे, ती वकिलांकडे राहू द्यावी. पक्षकाराला फक्त त्या पानाची गरज आहे.

खर्चाचा आणि मनुष्यबळाचा प्रश्न लोक लगेच काढतील. छापील नमुन्यांच्या मागची बाजू आज कोरी असते, इतकेच मी त्यावर सांगेन.

बेट्टदपुरच्या त्या ओसरीवर गृहस्थाने मग मला उलट प्रश्न घातला. "तुमच्याकडे दरखास्तु म्हणजे जप्ती, तर सरकारकडे जमीन मागायची असली म्हणजे काय म्हणता?" मी म्हटले, "अर्ज." त्याने मान हलवली. "अर्जी आमच्याकडेही आहे, स्वामी. अर्जी कशाचीही देता येते, रस्त्याच्या दिव्याचीसुद्धा. दरखास्तु म्हटले की जमीनच." त्याच्या मनात दोन शब्दांची हद्द एखाद्या मोजणीदाराने दगड रोवून आखावी इतकी स्पष्ट होती, आणि त्या हद्दीच्या आत पाऊल टाकल्यावर मीच तेवढा अडाणी ठरलो होतो.

कागद परत पिशवीत भरताना माझ्या लक्षात आले की प्रत्येक कागदाला टाचणीने एकेक चिठ्ठी लावलेली आहे, शाळेच्या वहीतून फाडलेल्या रेघांच्या पानाची, पेन्सिलीने लिहिलेली. ती त्याच्या मुलीची करणी. ती पिरियापट्टणला महाविद्यालयात जाते. साडूंनी मला त्या वाचून दाखवल्या. पहणीच्या उताऱ्यावर: 'जुना आहे, नवा काढल्याशिवाय नेऊ नकोस.' आजोबांच्या नावाच्या कर भरल्याच्या पावत्यांवर: 'दाखव, पण हातात देऊ नकोस, नकला आहेत त्या दे.' एका नोटिशीवर: 'हे आपल्यासाठी नाही, शेजारच्या सर्व्हे नंबराचे आहे.' शेवटी नमुना 57 ची पोच निघाली. तिच्यावरच्या चिठ्ठीत दोनच शब्द होते. साडूंनी चष्मा वर केला आणि वाचले: 'केव्हा, विचार.'